विवाहनोंदींची सूची : एक अबोल सेवा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेवा हा शब्द उच्चारला की काही ठरावीक चित्रे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. पुरात अडकलेल्यांना अन्न पोहोचविणारे हात, भूकंपानंतर ढिगारे उपसणारे तरुण, रक्तदानासाठी लागलेली रांग, दूरच्या पाड्यावर चालणारी एकशिक्षकी शाळा. हे सारे वंदनीय आहेच. परंतु आज ज्या सेवेविषयी मी बोलणार आहे ती रात्रीची जेवणे उरकल्यावर घरातल्या टेबलाशी बसून केली जाते. ती करणाऱ्याचे छायाचित्र कोठे छापून येत नाही, त्याला शाल-श्रीफळ मिळत नाही आणि ज्यांच्यासाठी तो डोळे शिणवितो ती माणसे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच इहलोक सोडून गेलेली असतात. जुन्या नोंदवह्यांतील विवाहांच्या नोंदी वाचायच्या, त्यांतील नावे अक्षरशः टिपून घ्यायची आणि कुळाचा शोध घेणाऱ्या कोणालाही ती सापडावीत म्हणून त्यांची सूची तयार करायची, असे हे काम आहे. इंग्लंड-अमेरिकेत आणि जगात इतरत्रही हजारो माणसे ते विनामूल्य करीत असतात. निवृत्त शिक्षक, गृहिणी, कारकून, संगणक अभियंते, असे सर्व थरांतील लोक त्यांत आहेत.

आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येईल, की लग्ने त्यांची, वह्या त्यांच्या. आपल्याला त्याचे काय? या शंकेचे उत्तर ओघाने येईलच. प्रथम मूळ काम समजून घेऊ.

कुलूपबंद नोंदी

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, थॉमस क्रॉमवेल याने आज्ञा काढली, की प्रत्येक पॅरिशने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची वही ठेवावी. त्यातील अनेक वह्या वाळवीने, ओलीने आणि निष्काळजीपणाने नाहीशा झाल्या; तरीही जे उरले ते अफाट आहे. पुढे १७५३ चा विवाहविषयक कायदा २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. तेव्हापासून विवाहाची नोंद ठरावीक नमुन्यात होऊ लागली आणि वधू, वर व दोन साक्षीदार यांच्या सह्या किंवा निशाण्या घेणे आवश्यक झाले. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. विवाहाच्या नोंदीत तारीख, दोघांची नावे, वय, अविवाहित की विधुर-विधवा, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, दोघांच्याही पित्यांची नावे व त्यांचे व्यवसाय असे रकाने आले.

आता प्रश्न असा, की इतके सारे लिहून ठेवलेले असताना अडचण कोणती? अडचण ही, की नोंद असणे वेगळे आणि नोंद सापडणे वेगळे. सरकारने दर तिमाहीला आडनावांच्या वर्णानुक्रमाने खंड तयार केले होते. म्हणजे वर्षाला चार तिमाह्या. एखाद्याच्या पणजीचे लग्न १८६० ते १८८० या वीस वर्षांत केव्हातरी झाले, एवढेच त्याला ठाऊक असेल, तर लंडनच्या कार्यालयात जाऊन किमान ऐंशी तिमाह्यांचे जाडजूड खंड त्याने फळीवरून उतरवून पाहावेत! त्यातही १९१२ पूर्वीच्या सूचीत एका नावापुढे दुसऱ्या जोडीदाराचे नाव नसे. केवळ जिल्हा, खंड आणि पृष्ठ यांचे क्रमांक असत. वराचा क्रमांक आणि वधूचा क्रमांक जुळला, तरच दोघे एका पानावरचे. आणि एका पानावर एकाहून अधिक लग्ने नोंदलेली असल्यामुळे नेमकी जोडी कोणती, हा प्रश्न उरतोच. १८३७ पूर्वीच्या पॅरिशच्या वह्यांना तर अशी देशव्यापी सूचीही नव्हती. ज्या वहीला सूची नाही, ती कुलूप लावलेल्या पेटीसारखी असते; आत काय आहे हे पेटीच्या मालकालाही कळत नाही.

ही कुलुपे उघडण्याचे काम सामान्य माणसांनी हाती घेतले. १९९८ साली 'फ्रीबीएमडी' हा उपक्रम सुरू झाला. बेन लॉरी, ग्रॅहम हार्ट आणि कॅमिला फॉन मासेनबाख ही त्याच्या आरंभकर्त्यांची नावे. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या सरकारी सूचीची पाने स्वयंसेवकांनी संगणकावर उतरवावीत आणि ती सर्वांना फुकट पाहता यावीत, हा त्यामागचा साधा संकल्प. आज तेथील नोंदींची संख्या पंचवीस कोटींच्या पलीकडे गेली आहे. वर ज्या पृष्ठक्रमांकाचा घोळ सांगितला, तो आता संगणक क्षणात सोडवितो. एका पानावरची सारी नावे तो एकत्र समोर ठेवतो. पण त्याच्या पोटात ती नावे घातली माणसांनी, एकेक अक्षर टंकून. पॅरिशच्या जुन्या वह्यांसाठी 'फ्रीरेग' हा याच परिवारातील उपक्रम काम करतो.

मक्षिकास्थाने मक्षिका

हे काम वाटते तितके सोपे नाही. वहीतील शाई फिकटलेली असते, कागदाच्या मागच्या बाजूचे अक्षर पुढे उमटलेले असते. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात 'एस' कधी 'एफ'सारखा दिसतो. मोठा 'टी' आणि मोठा 'एफ' यांत फरक करणे अवघड जाते. जॉन, विल्यम, जेम्स ही नावे दोन-तीन अक्षरांत आखडून लिहिलेली असतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या काही वह्या लॅटिनमध्ये आहेत, तेथे जेम्सचा 'जेकोबस' होतो. कालगणनेचा गोंधळ वेगळाच. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे वहीतला जानेवारी १७२० हा आपल्या हिशेबाने जानेवारी १७२१ असतो. शके, संवत, फसली आणि शुहूर सन यांचा मेळ घालताना मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाची जी तारांबळ उडते, तीच तिथेही उडते.

अशा वेळी स्वयंसेवकाने काय करावे? त्याला पहिला आणि शेवटचा नियम एकच शिकविलेला असतो : जसे दिसते तसे लिहा. कारकुनाने एखाद्या आडनावाचे लेखन चुकविले असेल, तर ती चूक तशीच उतरवायची. गावाचे नाव आपल्याला माहीत असले तरी सुधारून लिहायचे नाही. 'फ्रीबीएमडी'च्या पद्धतीत एक अक्षर लागले नाही तर तेथे खाली रेघ द्यायची आणि अनेक अक्षरे लागली नाहीत तर तारका टाकायची. अंदाजाने रिकामी जागा भरायची नाही. एकच पान दोन वेगवेगळ्या माणसांकडून, एकाने दुसऱ्याचे न पाहता, उतरवून घेण्याचा आणि मग दोन्ही प्रती ताडून पाहण्याचा प्रयत्न असतो.

'मक्षिकास्थाने मक्षिका' असे म्हणून आपण आंधळ्या नक्कलेला हसतो. मूळ कागदावर माशी चिकटून मेली होती म्हणून नकलेतही माशी चिकटविणाऱ्या कारकुनाची ती गोष्ट. पण या कामात तोच कारकून आदर्श ठरतो! आपल्याकडे पोथ्या नकलून घेणारे लेखक शेवटी लिहून ठेवीत, की पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. त्यात केवळ जबाबदारी झटकणे नव्हते. मूळ ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये माझे शहाणपण मी आणलेले नाही, अशी ती ग्वाही होती.

या शिस्तीचे महत्त्व कुळाच्या शोधात विशेष आहे, कारण येथे मोह फार मोठा असतो. आपला पूर्वज शूर निघावा, वतनदार निघावा, असे कोणाला वाटत नाही? परंतु विवाहाची वही कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. पित्याच्या नावाचा रकाना कोठे रिकामा असतो आणि त्या एका रिकाम्या चौकटीत एखाद्या मातेने आयुष्यभर सोसलेले असते. वधूवरांचे वय न लिहिता नुसते 'पूर्ण वयाचे' असे लिहिलेले असते. पित्याचा व्यवसाय 'मजूर' असतो, आणि पुष्कळदा तोच असतो. सूची करणारा माणूस हे सारे वाचतो आणि काही न वाढविता, काही न झाकता, पुढच्या ओळीकडे जातो. पूर्वजांविषयीचा आदर म्हणजे त्यांना मोठे करून सांगणे, ही आपली नेहमीची समजूत. ते होते तसे त्यांना राहू देणे हा आदराचा अधिक कठीण प्रकार आहे, आणि तोच खरा आहे, असे मला वाटते.

ज्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत

राजे, सेनापती आणि सावकार यांना सूचीची गरज नसते. त्यांच्यासाठी बखरकार असतात. सूचीचा खरा लाभ सामान्य माणसाला होतो. वर्णानुक्रमात जमीनदार आणि त्याचा गाडीवान एकाखाली एक येतात. दोघांनाही एकेकच ओळ मिळते. समतेची इतकी साधी बैठक दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

स्त्रियांच्या बाबतीत तर विवाहाची नोंद अनन्यसाधारण ठरते. लग्नाआधी ती एका नावाने जगते, लग्नानंतर दुसऱ्या नावाने. ही दोन्ही आयुष्ये जोडणारा कागद बहुधा एकच, विवाहनोंदीचा. तो हरवला तर आजीच्या माहेरची सारी वंशवेल हरवते. वधूवरांच्या सह्यांवरूनच इंग्लंडमधील साक्षरतेचा इतिहास अभ्यासकांनी लिहिला. १८४० च्या सुमारास तेथील सुमारे एक तृतीयांश वर आणि जवळजवळ निम्म्या वधू सहीऐवजी फुलीची निशाणी करीत होत्या. ते शतक संपताना फुली अपवादाने उरली होती. शिक्षणाचा प्रसार मोजण्यासाठी केवढी मोठी सामग्री त्या फुल्यांत दडली होती!

त्या वहीतही एक उणीव राहिली होतीच. दोघांच्या पित्यांची नावे १८३७ पासून लिहिली जात होती, मातांची नव्हती. इंग्लंड आणि वेल्सच्या विवाहनोंदीत आईच्या नावाला जागा मिळण्यासाठी ४ मे २०२१ हा दिवस उजाडावा लागला. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय झाला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शंभर वर्षांनी आपल्या नोंदींची सूची करणारा स्वयंसेवक या निर्णयाबद्दल आपल्याला दुवा देईल.

मुंबई, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका

आता आपल्या संबंधाकडे येतो. ईस्ट इंडिया कंपनी आणि पुढे ब्रिटिश सरकार यांच्या अमदानीत बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील चर्चमधून बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. मुंबई इलाख्याच्या या नोंदी अठराव्या शतकाच्या आरंभीपासून स्वातंत्र्याच्या काळापर्यंतच्या आहेत आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केल्या आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' या संस्थेचे स्वयंसेवक अशा नोंदींच्या सूची करीत आले आहेत. या वह्यांत मुंबई, पुणे, अहमदनगर येथील छावण्यांतले शिपाई व अधिकारी भेटतात, तशीच काही भारतीय माणसेही भेटतात. त्यातल्या भारतीय वधूचे मूळ नाव पुष्कळदा गळालेले असते आणि केवळ बाप्तिस्म्याचे नाव उरते.

मॉरिशसची कथा आपल्या अधिक जवळची. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे उसाच्या मळ्यांत करारबद्ध मजूर म्हणून गेले. त्यांत मुंबईच्या बंदरातून निघालेले कोकणातले आणि घाटावरचेही लोक होते. त्यांचे मराठी वंशज आजही तेथे आपले सण साजरे करतात. मजुराचा क्रमांक, नाव, पित्याचे नाव, गाव, जहाज यांच्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मराठी नावे इंग्रज किंवा फ्रेंच कानांनी ऐकली आणि रोमन लिपीत उतरविली. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावेही निरनिराळी झाली. अशा वहीसमोर मराठी स्वयंसेवक बसला तर त्याला मूळ नाव चटकन ओळखू येईल आणि त्याचा हात दुरुस्तीसाठी शिवशिवेल. तेथेही नियम तोच : दिसते तसे उतरवा, आपला तर्क शेऱ्याच्या रकान्यात वेगळा लिहा. आपले भाषाज्ञान त्या शेऱ्यात कामी येईल, मूळ नोंदीवर ते लादले जाणार नाही.

विवाहाच्या नोंदीवर माणसाची अब्रू कशी अवलंबून असते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेने दिले. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ख्रिस्ती विधीने न झालेला आणि नोंदणी नसलेला विवाह कायद्याला मान्य नाही. एका फटकाऱ्यात तेथील असंख्य हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रियांचे पत्नीपद कायद्याच्या लेखी पुसले गेले. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्या यानंतर. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांनी तुरुंगवास पत्करला. १९१४ च्या कायद्याने भारतीयांच्या एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. एका रजिस्टरातील एका ओळीसाठी केवढा संघर्ष करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे ती ओळ नीट उतरविणाऱ्याच्या कामाचे मोल कळते.

आपल्या घरातील दप्तर

आपल्याकडे वंशावळी नाहीत असे नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. मराठीत कुलवृत्तांतांची तर मोठी परंपराच आहे. पदरमोड करून, गावोगाव पत्रे पाठवून, वर्षानुवर्षे खपून ते सिद्ध करणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु पुष्कळ जुन्या वंशावळींत मुलगा झाला की रेघ पुढे जाते आणि मुलगी झाली की रेघ थांबते. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत. तांदळाच्या ताटात नवे नाव कोरले गेले, की जुने नाव माहेरच्या उंबऱ्याशी राहिले! चार पिढ्यांपूर्वीच्या आपल्या घरातील सुनांची माहेरची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील, हा प्रश्न मी येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला विचारू इच्छितो.

राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ मध्ये झाला, नवा कायदा १९९८ चा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वधर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. यापूर्वीच्या लग्नांचे पुरावे आपल्याच घरांत विखुरलेले आहेत. हळदीचे बोट लागलेल्या लग्नपत्रिका, देण्याघेण्याच्या याद्या, आहेराच्या वह्या, उपाध्यायांची टिपणे, आणि जुने असतील तर मोडी लिपीतले कागद. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळविली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांनी राज्याचा इतिहास वाचविला; घराचा इतिहास वाचविणे आपल्या हाती आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, ज्यांना इंग्रजी हस्ताक्षर वाचता येते आणि आठवड्याचा एक तास देता येतो, त्यांनी परदेशातील अशा एखाद्या उपक्रमात काही काळ काम करावे. शिस्त तेथे शिकायला मिळते. मात्र आपले श्रम कोणाकडे जातात हे आधी पाहावे. काही सूची पैसे भरल्यावाचून पाहता येत नाहीत. सर्वांत मोठा संग्रह असलेली 'फॅमिलीसर्च' ही संस्था अमेरिकेतील मॉर्मन पंथ चालवितो. पूर्वजांसाठी धार्मिक विधी करता यावेत ही त्यांची श्रद्धा त्यामागे आहे, आणि नोंदी मात्र सर्वांना फुकट पाहता येतात. २०१२ साली अमेरिकेची १९४० ची जनगणना खुली झाली, तेव्हा त्या संस्थेच्या पुढाकाराने दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे चार महिन्यांत तेरा कोटींहून अधिक नावांची सूची पुरी केली. हे जाणून घेऊन ज्याने त्याने निर्णय करावा.

दुसरी, घरातील लग्नपत्रिका आणि वह्या यांची छायाचित्रे काढून एक साधा तक्ता करावा : वधूचे माहेरचे पूर्ण नाव, सासरचे नाव, दोघांचे माता-पिता, गाव, तिथी जशी लिहिली असेल तशी, आणि कागद कोणाकडे आहे ते. तिसरी, ज्यांना मोडी येते त्यांनी ती आणखी दोघांना शिकवावी. आता यंत्रे हस्ताक्षर वाचू लागली आहेत. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेचे पहिले वाचन २०२२ साली यंत्रानेच केले. पण ते तपासायला शेवटी स्वयंसेवकच बसले. आपल्या आजीच्या माहेरचे गाव कोणते, हे ओळखणारा डोळा आपल्यालाच जपावा लागेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. हयात माणसांची माहिती त्यांच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करू नये, आणि जातीच्या किंवा कुळाच्या अहंकारासाठी ही साधने वापरू नयेत. रिकामा रकाना सापडला तर तो रिकामाच ठेवावा.

आपण पितरांचे तर्पण करतो तेव्हा नावे उच्चारतो. तीन पिढ्यांपलीकडची नावे बहुतेकांना आठवत नाहीत, आणि पणजीच्या माहेरचे तर ठाऊकच नसते. अशी विसरलेली नावे कागदावर पुन्हा वाचता येतील अशी करणे, हे काम आपल्यापैकी कोणालाही करता येण्याजोगे आहे. त्याला पैसा लागत नाही, फक्त चष्मा, चिकाटी आणि प्रामाणिकपणा लागतो. येत्या रविवारी प्रत्येक घरात माळ्यावरची एक तरी पेटी खाली उतरावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.